एका रेडिओपासून सुरुवात होते, मग दिवाणातही जागा उरत नाही! जुन्या इलेक्ट्रॉनिक्सचा संग्रह घरात मावत का नाही?

पुण्यातला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. मुंबईत चोर बाजार आहेच. पाना-पकडींच्या ढिगाशेजारी तिथं कधी मर्फीचा लाकडी रेडिओ दिसतो, कधी फिलिप्सचा टेपरेकॉर्डर, तर कधी बटण दाबलं की खटकन वाजणारा कॅसेट डेक. विकणारा म्हणतो, "चालू आहे साहेब, फक्त थोडं काम आहे." घेणारा घेतो.

पहिला रेडिओ शोकेसवर बसतो. आलेले पाहुणे कौतुक करतात. दुसरा फ्रिजवर जातो, तिसरा खिडकीच्या कट्ट्यावर. दहावा येतो तेव्हा स्वयंपाकघरातून प्रश्न येतो, "आता हा कुठं ठेवणार?"

इन्स्टाग्रामवर जुन्या रेडिओंच्या, वॉकमनच्या, डब्ब्यासारख्या टीव्हींच्या रील्स भरपूर दिसतात. पण कॅमेऱ्यात येते ती नीट मांडलेली एकच भिंत. पलंगाखाली काय आहे, माळ्यावर काय आहे आणि गॅलरीत प्लास्टिकच्या कागदाखाली काय झाकलंय, हे रीलमध्ये येत नाही. खरी अडचण तिथंच असते. जागा संपली की वस्तू चुकीच्या ठिकाणी जाते, आणि जी वस्तू वाचवायची म्हणून घरी आणली ती घरातच खराब होते.

तिकिटं वहीत मावतात, रेडिओ नाही

टपाल तिकिटं, नाणी किंवा काडेपेट्या जमवणाऱ्याचं आयुष्यभराचं धन एका कपाटात राहू शकतं. जुन्या इलेक्ट्रॉनिक्सचं तसं नाही, कारण ही यंत्रं मोठी असण्याला तांत्रिक कारण होतं.

ट्रान्झिस्टर येण्याआधीचे रेडिओ व्हॉल्व्हवर चालायचे. व्हॉल्व्ह म्हणजे आत तार तापवणारी काचेची नळी. ती गरम होते, म्हणून आजूबाजूला मोकळी हवा लागते. वीजपुरवठ्यासाठी लोखंडी गाभ्याचा जड ट्रान्सफॉर्मर लागतो. आवाज भरदार यावा म्हणून मोठा स्पीकर आणि त्याला साजेशी लाकडी पेटी लागते. त्यामुळे साधा टेबलावरचा व्हॉल्व्ह रेडिओही दीड फूट रुंद असतो आणि वजन सात-आठ किलोंच्या पुढे जातं.

आता साडेसहा फुटी लोखंडी कपाट डोळ्यांसमोर आणा. तीन फूट रुंदीच्या एका कप्प्यात असे फार तर दोन रेडिओ बसतात. पाच कप्पे धरले तर दहा रेडिओंत अख्खं कपाट भरलं. ज्या घरात चार माणसांचे कपडे दोन कपाटांत कोंबलेले असतात, तिथं हा हिशेब फारच महागात पडतो.

जुन्या टीव्हीचं प्रकरण आणखी अवघड. त्याच्या पिक्चर ट्यूबमध्ये मागच्या टोकाला इलेक्ट्रॉन सोडणारी गन असते आणि तो झोत पुढच्या पडद्यावर कोपऱ्यापर्यंत वळवावा लागतो. त्यासाठी अंतर लागतं. म्हणून पडदा जितका मोठा, तितकं मागचं पोट मोठं. आजचा ४३ इंची टीव्ही भिंतीला खिळ्यासारखा चिकटतो. जुना २१ इंची ठेवायला मात्र घडवंची लागते.

एक चालू, दोन बंद

बाहेरच्या माणसाला न समजणारी गोष्ट इथं सुरू होते. एकाच मॉडेलचे तीन टेपरेकॉर्डर घरात कशाला हवेत?

उत्तर सोपं आहे. या यंत्रांचे सुटे भाग आता बनत नाहीत किंवा सहज मिळत नाहीत. टेपरेकॉर्डरचं हेड, रेडिओची डायल, बटणाची टोपी, टीव्हीचा फ्लायबॅक ट्रान्सफॉर्मर, असला एखादा भाग गेला की तो दुसऱ्या बंद पडलेल्या सेटमधूनच काढावा लागतो. मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्याची तपकीर गल्ली पालथी घातली तरी कपॅसिटर आणि रेझिस्टर मिळतील, मर्फीच्या डायलची काच मिळणार नाही. म्हणून संग्राहक बंद सेट 'पार्टसाठी' विकत घेतो. दाखवायला दहा यंत्रं असतील, तर प्रत्यक्ष घरात त्याच्या दुपटीहून जास्त असतात.

त्यात दुरुस्तीचं टेबल आलं. सोल्डरिंग, मल्टिमीटर, सिरीज बल्ब, स्क्रूंचे डबे आले. अर्धवट उघडलेला एक सेट टेबलावर कायम पडून असतो आणि त्याचे स्क्रू हरवतील म्हणून घरात कुणी त्याला हात लावायचा नसतो. हे टेबल बऱ्याचदा पूर्वी जेवणाचं किंवा मुलांच्या अभ्यासाचं असतं, हे सांगायला नकोच.

शिवाय यंत्रासोबत त्याचं खाणंही येतं. रेडिओ त्यातल्या त्यात गुणी, त्याला फक्त लहरी लागतात. पण कॅसेट प्लेअरला कॅसेट लागतात, व्हीसीआरला व्हीएचएस टेप लागतात, जुन्या संगणकाला फ्लॉपी, कीबोर्ड आणि त्याच्याच जातीचा मॉनिटर लागतो. रेकॉर्ड प्लेअर आला की एलपी आल्या. कव्हरसकट शंभर एलपींचं वजन सहज वीस-पंचवीस किलो भरतं आणि त्या आडव्या रचून चालत नाहीत, वाकतात. उभ्याच ठेवाव्या लागतात.

गाण्यांच्या बाबतीत एक सुटका तरी आहे. मुंबईत १९९० साली 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था सुरू झाली, तेव्हापासून जुन्या ७८ आरपीएमच्या तबकड्या जमवणारे लोक एकमेकांकडचं ध्वनिमुद्रण ऐकू लागले, त्याच्या प्रती काढू लागले. तबकडीतलं गाणं डिजिटल करता येतं. रेडिओचं काय डिजिटल करणार? त्याची डायल फिरवताना बोटाला जो जडपणा लागतो तो फाइलमध्ये साठवता येत नाही. यंत्र जपायचं तर यंत्रच ठेवावं लागतं.

पण इतका माल येतो कुठून?

एकेकाळी रेडिओ ही घरातली सरकारदरबारी नोंद असलेली वस्तू होती. त्याला परवाना लागायचा, तो दरवर्षी पोस्टात जाऊन नवा करावा लागायचा. सत्तरच्या दशकात वर्षाला १५ रुपये भरावे लागत. परवान्याच्या पुस्तिकेत त्याची खास तिकिटं चिकटवली जायची, आणि निरीक्षक घरी येऊन पुस्तिका तपासू शकत असे. १९८४ मध्ये ही पद्धत बंद झाली. आज त्या पुस्तिकाही लोक जमवतात (त्या बिचाऱ्या निदान खणात मावतात).

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. १९८२ मध्ये दिल्लीच्या आशियाई खेळांच्या वर्षी रंगीत प्रक्षेपण आलं आणि पुढच्या काही वर्षांत मध्यमवर्गीय घरांत टीव्ही शिरला. म्हणजे महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत एक रेडिओ, एक टेपरेकॉर्डर आणि एक जाडजूड टीव्ही होता. त्या वस्तू कर्ज काढून, हप्त्यावर, बोनसच्या पैशांत घेतलेल्या. त्यांच्यावर विणलेला रुमाल घातला जायचा. बंद पडल्यावरही त्या फेकल्या गेल्या नाहीत, माळ्यावर गेल्या.

आता ते माळे रिकामे होत आहेत. चाळींचा, जुन्या सोसायट्यांचा पुनर्विकास निघाला की बिऱ्हाड हलवावं लागतं. बीडीडी चाळींमधली खोली १६० चौरस फुटांची. तीतसुद्धा पन्नास वर्षांचं सामान निघतं. भाड्याच्या तात्पुरत्या घरात ते नेता येत नाही. मग कुणीतरी सांगतं, "अरे, तो अमुक जुने रेडिओ ठेवतो ना, त्याला विचार."

संग्रह फुगण्याचं हे मोठं कारण आहे आणि त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. सुरुवातीला संग्राहक वस्तूंच्या मागे धावतो. नाव झालं की वस्तू त्याच्या दारात येतात, त्याही फुकट. "आमच्या आजोबांचा आहे, भंगारात द्यायला जीव होत नाही, तुम्ही सांभाळाल ना?" या वाक्याला नाही म्हणणं भल्याभल्यांना जमत नाही. देणाऱ्याचा माळा रिकामा होतो आणि मनही. भार घेणाऱ्याच्या घरात येतो.

फरशी किती वजन पेलते?

२०२४ च्या शेवटी यूट्यूबवर एका टीव्हीची गोष्ट गाजली. सोनीने १९८९ च्या सुमारास बनवलेला ४३ इंची ट्यूबवाला टीव्ही, त्या जातीतला सर्वांत मोठा मानला जाणारा. तो ओसाकातल्या एका सोबा नूडल्सच्या हॉटेलात होता आणि इमारत पाडली जाणार होती. 'शँक मॉड्स' या अमेरिकन यूट्यूबरने जपानमधल्या लोकांच्या मदतीने तो बाहेर काढून अमेरिकेत नेला. वजन साधारण २०० किलो.

हा २०० चा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. इमारतींवरचा भार किती धरायचा हे सांगणाऱ्या 'आयएस ८७५' या भारतीय मानकात राहत्या घरातल्या खोल्यांसाठी दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २०० किलो, भार धरलेला असतो. हा आकडा ओलांडला की स्लॅब लगेच कोसळतो असं अजिबात नाही. तो खोलीभर पसरलेला भार आहे आणि त्यात सुरक्षिततेची भर वेगळी घातलेली असते. दहा बाय बाराची खोली सुमारे ११ चौरस मीटर असते, म्हणजे एकूण हिशेब २,२०० किलोंपर्यंत जातो. रेडिओ जमवून तो गाठणं कठीण आहे.

अडचण एकाच कोपऱ्यात रचण्याची आहे. तीन फूट लांब, दीड फूट खोल रॅक म्हणजे अर्धा चौरस मीटरही नाही. त्यावर २१ इंची सहा टीव्ही चढवले तर दीडशे किलोंच्या आसपास वजन तेवढ्याशा जागेवर येतं. नव्या, भक्कम इमारतीत चालून जाईल. चाळीस-पन्नास वर्षांच्या, सळया गंजून गिलावा सुटलेल्या इमारतीत असा रॅक खोलीच्या मधोमध ठेवू नये. भिंतीच्या कडेला, खाली तुळई असेल तिथं ठेवलेला बरा. माळ्याचा स्लॅब मुळात पातळ असतो. ज्या माळ्यावर गाद्या आणि गणपतीच्या मखराचं सामान ठेवलं जातं, तिथं टीव्ही चढवणं धोक्याचं आहे. तो खाली उतरवताना होणाऱ्या अपघाताचा विचार तर वेगळाच.

जिना आणि बाहेरचा पॅसेज ही सगळ्यात सोपी वाटणारी जागा. ती आपली नसते. आग लागली तर पळायची वाट तीच, त्यामुळे तिथं सामान ठेवण्यावर सोसायटी हरकत घेते आणि ती हरकत रास्त आहे.

माळ्यावर ठेवलं म्हणजे जपलं का?

नाही. पुस्तक दहा वर्षं बंद पेटीत राहिलं तर बहुतेक वेळा वाचता येतं. इलेक्ट्रॉनिक यंत्र नुसतं पडून राहिलं तरी बिघडत असतं.

सगळ्यात घातक म्हणजे आत राहिलेले सेल. ट्रान्झिस्टर, वॉकमन, रिमोट यांत विसरलेले सेल कालांतराने गळतात आणि संपर्काच्या पट्ट्या खाऊन टाकतात. जुन्या संगणकांच्या बोर्डावर घड्याळासाठी बसवलेली छोटी बॅटरीही असंच करते. गळलेलं रसायन तांब्याच्या रेषा कुरतडत जातं आणि बोर्ड दुरुस्तीपलीकडे जातो. कॅसेट डेकमधले रबरी पट्टे वितळून डांबरासारखे चिकट होतात. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकतात किंवा फुगतात. स्पीकरच्या कडेचा फोम हात लावताच भुगा होतो. पांढरं-राखाडी प्लास्टिक ऊन आणि उष्णतेने पिवळं पडतं.

त्यात आपलं हवामान. कोकणपट्टीत पावसाळ्यात हवेतला ओलावा ८० टक्क्यांच्या वर राहतो. वरच्या मजल्यावरचा पत्र्याखालचा माळा मे महिन्यात भट्टी होतो आणि जुलैमध्ये ओलसर. स्पीकरच्या कागदाला बुरशी येते, टेपवरही पांढरी बुरशी धरते. प्लायवूडच्या पेटीला वाळवी लागते. उंदीर वायरी कुरतडतात. झुरळांना तर व्हीसीआर फारच आवडतो.

म्हणून जागा निवडताना क्रम उलटा लावावा लागतो. घरातली जी जागा माणसाला राहायला बरी, तीच यंत्रालाही बरी. संग्राहकाची पंचाईत हीच आहे, कारण त्या जागेवर आधीच घरच्यांचा हक्क असतो.

ठेवायच्या आधी सेल काढणं, धूळ पुसणं, वस्तू भिंतीला आणि फरशीला न टेकवता फळीवर ठेवणं, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून त्या पावसाळ्याआधी बदलणं, एवढं केलं तरी बराच फरक पडतो. प्लास्टिकमध्ये गच्च गुंडाळू नये. आत ओल अडकते. आणि बरीच वर्षं बंद असलेला सेट हौसेनं थेट प्लगला लावू नये. काही जुन्या रेडिओंत आतली धातूची चौकट थेट विजेला जोडलेली असते, तर टीव्हीच्या ट्यूबमध्ये बंद केल्यावरही जोरदार भार शिल्लक असू शकतो.

छंद की साठेबाजी?

घरातल्या वादात हा शब्द येतोच. मानसोपचारात 'होर्डिंग डिसऑर्डर'ला २०१३ मध्ये डीएसएम-५ या अमेरिकी निदानपुस्तिकेत स्वतंत्र स्थान मिळालं. वस्तूची खरी किंमत काहीही असो, ती टाकून देणं सतत अवघड जाणं, त्यापायी राहती जागा वापरता न येण्याइतकी भरणं आणि त्याचा रोजच्या जगण्यावर परिणाम होणं ही त्याची मुख्य लक्षणं.

संग्राहक सहसा निवड करतो, मांडणी करतो, आपल्याकडे काय आहे हे त्याला ठाऊक असतं आणि दाखवायला त्याला आवडतं. दोन्हींमधली रेषा कुठं आहे हे वस्तूंच्या संख्येवरून ठरत नाही. पलंगावर झोपता येतं का, ओट्यावर स्वयंपाक करता येतो का, दार पूर्ण उघडतं का, यावरून अंदाज येतो. शंभर रेडिओ असूनही घर घर राहू शकतं. पंधरा रेडिओंत आजीला बाथरूमपर्यंत वाट काढत जावं लागत असेल, तर तक्रार करणाऱ्याला 'तुला जुन्या वस्तूंची किंमत नाही' म्हणणं अन्यायाचं आहे.

मोठ्या संग्रहांनी काय केलं?

जागा संग्रहालयांनाही पुरत नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाचं उदाहरण घरचंच. दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास वस्तू जमवायला सुरुवात केली. १९६० पर्यंत त्या १५ हजारांच्या घरात गेल्या आणि १९७५ मध्ये त्यांनी संग्रह राज्य सरकारच्या हवाली केला. आज तिथं २० हजारांहून जास्त वस्तू आहेत, पण मांडलेल्या सुमारे अडीच हजारच. बाकीच्या कोठारात.

लंडनच्या सायन्स म्युझियमनेही शहरातलं कोठार रिकामं करून तीन लाखांहून जास्त वस्तू विल्टशरमधल्या रॉटन इथं, जुन्या विमानतळाच्या जागेवर हलवल्या. उत्तर प्रदेशात अमरोहा जिल्ह्यातल्या राम सिंह बौद्ध यांच्याकडच्या १,२५७ रेडिओंची नोंद गिनेस बुकात झाली. त्यांनी त्या रेडिओंचं संग्रहालयच केलं. घरातून बाहेर जागा शोधणं हा एक मार्ग झाला, पण मुंबई-पुण्यात भाड्याचा गाळा परवडणारे किती?

उरतो तो निवडीचा मार्ग. संग्रहालयं काय घ्यायचं आणि काय नाही हे लिहून ठेवतात. घरीही तेच करता येतं. 'जुनं ते सगळं' याऐवजी फक्त भारतात बनलेले ट्रान्झिस्टर, किंवा फक्त एका कंपनीचे रेडिओ, किंवा फक्त वॉकमन. विषय अरुंद केला की संग्रह छोटा होतो आणि गंमत म्हणजे त्याचं मोलही वाढतं, कारण दहा ठिकाणचे दहा तुकडे असण्यापेक्षा एका विषयाचा पूर्ण संच दुर्मीळ असतो. एक आला की एक गेला पाहिजे, हा नियम काही जण पाळतात. पार्टसाठीचा सेट अख्खा न ठेवता उपयोगी भाग काढून डब्यात ठेवले तर एका टीव्हीची जागा एका बुटाच्या खोक्यावर येते.

उरलेला सांगाडा मात्र रस्त्यावर टाकायचा नाही. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत. आधी २१ प्रकारची उपकरणं त्यात होती, आता १०६ आहेत. नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे तो जायला हवा. ट्यूबच्या काचेत शिसं असतं आणि तांब्यासाठी वायरी जाळल्या जातात त्या धुराचा त्रास आसपासच्या वस्तीला होतो.

विकणाऱ्यांसाठी आणखी एक मुद्दा. १९७२ च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षं पूर्ण झालेल्या आणि गतकाळातल्या विज्ञान, कला, कारागिरीची साक्ष देणाऱ्या वस्तूही पुरावशेषांत मोडू शकतात आणि पुरावशेष खासगी व्यक्तीला परदेशात पाठवता येत नाहीत. १९२० च्या दशकातले ग्रामोफोन आता त्या वयाला पोहोचलेत. परदेशी गिऱ्हाईक मिळालं म्हणून लगेच पार्सल बांधू नये.

आणि नंतर?

मायक्रोसॉफ्टचे सहसंस्थापक पॉल अॅलन यांनी सिअॅटलमध्ये जुन्या संगणकांचं संग्रहालय उभारलं होतं. तिथली यंत्रं नुसती मांडलेली नव्हती, चालू होती. अॅलन २०१८ मध्ये गेले. कोविडमध्ये २०२० साली संग्रहालय बंद झालं, ते पुन्हा उघडलंच नाही. २०२४ मध्ये त्यांच्या संग्रहातल्या वस्तू क्रिस्टीजच्या लिलावात विकल्या गेल्या. पैशांची आणि जागेची कमतरता नसलेल्या माणसाच्या संग्रहाचं हे झालं.

साध्या घरात लिलाव होत नाही, भंगारवाला येतो. वारसांची चूक म्हणावी तर त्यांना यातलं काय दुर्मीळ आणि काय नुसतं जुनं हे कुणी सांगितलेलंच नसतं. त्यामुळे यादी हवी. प्रत्येक वस्तूला नंबर, मॉडेल, कुठून आली, चालू की बंद, कुठल्या कप्प्यात आहे आणि नको झाली तर कुणाला द्यायची. मौल्यवान चार-पाच वस्तूंचा उल्लेख मृत्युपत्रातही करता येतो. ज्याला द्यायची त्याला आधी विचारलेलं बरं, कारण त्याचाही माळा भरलेला असू शकतो. आणि ही यादी नुसती फोनमध्ये ठेवून भागत नाही, फोनचा पासवर्ड घरच्यांना माहीत नसतो. कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवली तर सापडते.